पांढरी करून द्यायची खोली

१

शेलूबाजारात किरायाची खोली सोडायची म्हणजे रीत ठरलेली असते. खिळे उपटायचे, जमीन झाडून पुसून घ्यायची, भिंतींना चुना मारायचा आणि मग चावी घरमालकाच्या हातावर ठेवायची. शेवटी जो राहिला त्याने खोली पांढरी करून द्यायची. भिंत काळी कोणी केली, कशाने झाली, हे कोणी विचारत नाही.

उदयसिंग त्या रीतीसाठीच आला होता. तांड्यावरच्या रूपलाच्या जीपमध्ये, पायाशी चुन्याची पिशवी आणि मांडीवर कुंचा घेऊन. खोली त्याची नव्हती. त्याच्या मोठ्या बहिणीची, शीलाची होती. नवऱ्याचं घर सोडल्यावर ती तांड्यावर परतली नाही. इथे खोली घेतली, शिलाई मशीन आणलं आणि बाजारातल्या बायांचे ब्लाउज शिवून राहू लागली. शीला स्वतः चुना मारायला येऊ शकत नव्हती, कारण शीला चैतात गेली. हिवाळाभर खोकत होती. मग खोकला थांबला, आणि त्याच्यासोबत तीही.

उदयसिंग तेव्हा कोल्हापूरकडे ऊसतोडीला होता. गाड्या बदलत तो तांड्यावर पोचला तोवर माळावरची राखसुद्धा थंड झाली होती. त्याने तिचं तोंड पाहिलं नाही. लोक म्हणाले, शांत दिसत होती, झोपल्यासारखी. त्याला त्या लोकांना मारावंसं वाटलं. एकाला त्याने मारलंही.

"मशीन आन अन् तिची गोधडी आन," आई एवढंच म्हणाली होती.

घरमालक जगदेवकाका ओट्यावर पाय सोडून बसले होते. उन्हाने गल्लीतला डांबराचा वास नाकात जात होता.

"आला का बापा? चुना आनला?"

"आनला. चावी द्या."

"देतो ना. सामान बाहेर काढ, भिंत पांढरी कर, मंग मशीन घेऊन जाय. रागावू नको. सबन किरायदारायले एकच कायदा आहे."

"ते मेली काका."

"मले का माहीत नाही? मी खांदा देल्ला तिले." काकांचा आवाज जरा उतरला. मग पुन्हा जागेवर आला. "पन खोली तर जागच्या जागीच आहे ना."

दारातून सोजरकाकू बाहेर आल्या. जगदेवकाकांची बायको. "लवकर आटप रे. दुसरी किरायदारीन येऊन राह्यली आज. लेकुरवाळी आहे बिचारी."

"चुन्याले पानी लागन."

काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्याने गळ्यातली पोत मागितली. "पानी! नळ कधीचा आला नाही, पोरा. पिपाले कुलूप लावून ठेवलं मी. एक बकेट देते. त्याच्यातच भागव."

२

दार उघडलं तेव्हा आधी वास आला. पोत्यात भिजलेलं धान्य विसरून जावं, तसा.

खोली एकच. वर सिमेंटचा स्लॅब, एक खिडकी, कोपऱ्यात चूल ठेवायचा कट्टा. मशीन खिडकीखाली. खाट मागच्या भिंतीला लागून, आणि तिच्यावर गोधडी घडी न करता तशीच पडलेली, जशी कोणी आत्ताच अंगावरून बाजूला केली.

त्या मागच्या भिंतीवर ओल होती.

उदयसिंगने ओल पाहिली नव्हती असं नाही. ऊसतोडीच्या पाचटाच्या कोपीत तर तो चिखलात झोपला होता. पण ओल खालून चढते, नाहीतर वरून उतरते. ही मधेच होती. स्लॅबजवळची भिंत कोरडी, जमिनीजवळची कोरडी, आणि मधे, खाटेच्या उंचीवर, लांबट आडवा काळपट डाग. कडेला तिळासारखे काळे ठिपके, आणि त्यांच्यावर पांढरं बारीक लव. त्याने हात ठेवला. थंड. हात उचलला तर तळवा ओला.

बाहेर माणसं प्यायला पाणी मोजून घेत होती, आणि ही भिंत भिजलेली होती.

तो खोलीच्या मागे गेला. भिंतीच्या पलीकडे जगदेवकाकांचं मोकळं आवार. तिथे खुंटीला एक बकरी बांधलेली, बाजूला एक लोखंडी सब्बल, पहार, टेकवलेली. नळ नाही, न्हाणी नाही, नाली नाही. भिंतीची बाहेरची बाजू उन्हाने इतकी तापली होती की त्याने हात लावला आणि झटकन काढला. वर चढून टाकी पाहिली. टाकीत वाळलेली पानं आणि एक मेलेलं पाखरू.

खाली उतरला तेव्हा जगदेवकाका उभेच होते.

"पायलं ना? कुठं आहे पानी?"

"मंग भिंत कशी वली?"

"तेच तर मी तिले सांगो." काका बोटं मोजत बोलले. "दार लावून शिवते, आतच रांधते, आतच धुनं वाळू घालते. रातभर भिंतीकडं तोंड करून झोपते. मानसाच्या श्वासाले काय कमी पानी असते? घर माह्यं कोरडं होतं उदय. वल तुह्या बहिनीनं आनली."

"भिंत तुमची आहे!"

"अन् राह्यत कोन होतं?"

याला उत्तर शीलाजवळ होतं. फोनवर ती त्याला सांगायची. 'काका म्हनते तूच चुना लाव. मी म्हनते आधी तुमी भिंत पाहा, मंग मी चुना लावतो. मी का त्यायच्या भिंतीले पावडर लावू?' आणि हसायची. हसता हसता खोकायची. ती तिच्या म्हणण्यावर राहिली, काका त्यांच्या म्हणण्यावर राहिले. मधे भिंत होती.

"मी तिले म्हटलं बी," सोजरकाकू बकेट घेऊन आल्या, हळू बोलल्या. "म्हटलं बाई, खाट तरी सरकव तिकडं. तर म्हने, नाही काकू. इथंच थंड लागते."

३

त्याने खाट बाहेर काढली. कपड्यांची पेटी काढली. गोधडी घडी करायला घेतली आणि जागच्या जागी बसला.

एका कोपऱ्याला निळं ठिगळ होतं. शाळेच्या गणवेशाचं, त्याच्याच. चौथीनंतर त्याने शाळा सोडली तेव्हा शीलाने तो सदरा फाडून गोधडीला लावला होता. आईबाप तोडीला जायचे, आणि ही दोघं कोपीत या एकाच गोधडीत झोपायची. उदय रात्री लघवीला उठायचा, थंडीने कुडकुडत परत यायचा, आणि तिला बोटाने टोचायचा. "सरक." ती डोळे उघडायची नाही. त्याच्याकडे पाठ करायची आणि भिंतीकडे सरकायची. तिच्या अंगाने तापलेली ती जागा त्याची व्हायची. पुढे पुढे तर त्याला टोचावंही लागायचं नाही. त्याचं पाऊल वाजलं की ती सरकायची.

त्याने गोधडी घडी करून बाहेर नेली, जीपच्या टपावर ठेवली. रूपला स्टेअरिंगवर डोकं ठेवून घोरत होता.

मग खुरपं घेऊन तो भिंतीला भिडला. चुना मारायच्या आधी बुरशी खरवडली पाहिजे, एवढं त्यालाही कळत होतं. खर्र, खर्र. काळा चिखल खाली पडत होता. खालचं प्लास्टर दिसेपर्यंत त्याने खरवडलं. घाम पुसायला थांबला.

खर्र.

तो तसाच उभा राहिला. आवाज त्याच्या खुरप्यानंतर आला होता. जरासाच नंतर. त्याने मनात म्हटलं, रिकाम्या खोलीत आवाज घुमतोच. सामान काढलं की घुमतो. त्याने पुन्हा दोनदा खरवडलं आणि श्वास धरून थांबला.

यावेळी खरवडल्याचा आवाज आला नाही. कापडाचा आला. जाड, जुनं कापड कुशीवर वळताना जसं वाजतं तसा. भिंतीच्या आतून, खाट होती त्या उंचीवर.

"बकरी," तो मोठ्याने म्हणाला. बकरी अंग घासत असेल पलीकडून. तो आवारात जाऊन आला. बकरी खुंटीपासून दूर, बाभळीच्या सावलीत बसून रवंथ करत होती. दोरी तिथवरच पुरत होती. भिंतीपर्यंत ती पोचूच शकत नव्हती.

तो परत आला आणि चुना भिजवला. विचार करायला बसला असता तर पळूनच गेला असता. तो विचार करणारा माणूस नव्हता, हात चालवणारा होता. बकेटीत चुना बुडबुडला, तापला, फुगला. त्याने कुंचा बुडवला.

४

तिन्ही भिंती बघता बघता पांढऱ्या पडल्या. उन्हाळ्यात चुना असा वाळतो की मागे वळून पाहावं तर झालेला. चौथी भिंत त्याने शेवटी घेतली. डागावर दोनदा हात फिरवला, तीनदा फिरवला. मग दाराशी जाऊन उभा राहिला.

भिंत वाळत गेली. कडेने, वरून, खालून पांढरी होत गेली. डाग तेवढा राहिला. आता बुरशी खरवडली होती, चुना पातळ बसला होता, म्हणून तो जास्त ठळक दिसत होता. एक टोक गोल. मग अरुंद. मग रुंद. मग लांबवर निमुळता होत गेलेला. कुशीवर झोपलेल्या माणसाची पाठ दिसावी तसा.

दिसतं माणसाला. ढगात बैल दिसतो, तसं. उदयसिंगने स्वतःला हे सांगितलं.

पण डागाच्या खाली, जमिनीजवळ, आणखी एक ओली जागा होती. ती सकाळी नव्हती. त्या ठिकाणी त्याने खुरपं लावलं होतं, तिथे टणक कोरडं प्लास्टर होतं. ही जागा लहान होती. दोन ओंजळी होतील एवढी. तिलाही एक टोक गोल होतं.

"काकू!" तो ओरडला. "ओ काकू!"

सोजरकाकू पदराने वारा घेत आल्या. दारातून पाहिलं. "झाली की पांढरी! कशी पोरीवानी दिसून राह्यली."

"ते पाहा ना. तिथं. अन् खाली."

"वल्ला चुना काळाच दिसते रे वेड्या. वाळला की पांढरा पडते. तुले कोनी सांगतलं नाही?"

आणि खरंच पडला. ती बोलत असतानाच मोठा डाग फिका झाला, खालचा लहान फिका झाला, आणि भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी पांढरी झाली. उदयसिंगला हायसं वाटलं. आणि त्याच श्वासात लाज वाटली. जे शीलाने हिवाळाभर केलं नाही, खोकत राहिली पण केलं नाही, ते त्याने एका दुपारी करून टाकलं होतं. आता या भिंतीकडे पाहून कोणी म्हणू शकलं नसतं की इथे काही होतं.

जगदेवकाका आत येऊन फिरून गेले. "हेच तिनं आधी केलं असतं तर..."

उदयसिंगने कुंचा फेकला. तो काकांच्या कानाजवळून गेला आणि दारावर फट्कन बसला.

काका रागावले नाहीत. धोतरावरचे चुन्याचे शिंतोडे पुसत म्हणाले, "मानूस गेला की डोकं फिरते, मले समजते. पन भिंतीनं मारलं म्हनू नको. भिंत काही करत नसते."

५

नवी किरायदारीण आली ती ऑटोतून, आधी तिचा आवाज, मग ती. पौर्णिमा नाव. डोक्यावर बोचकं, कडेवर सहा-सात महिन्यांचं पोर, हातात प्लास्टिकचा पंखा. नवरा रिठदला ट्रॅक्टर चालवतो, म्हणाली, महिन्यातून दोनदा तोंड दाखवतो, तेवढं पुरे आहे.

"भाऊ, तुमीच का रंगवनारे?" तिने उदयसिंगला विचारलं. "बेस केली हो खोली. माह्या नवऱ्यानं मारला असता चुना, तर भिंत कमी अन् तोच जास्त पांढरा झाला असता."

उदयसिंगने चुन्याचे हात पुसले. सोजरकाकू त्याच्याकडे पाहत होत्या, ओठ मिटून. त्या नजरेत धाक नव्हता, विनवणी होती. आणि त्याला पटकन मशीन घेऊन निघून जायचं होतं. त्याने रूपलाला उठवलं. दोघांनी मशीन उचलून जीपमध्ये चढवलं.

"कोनाचं मशीन हो?" पौर्णिमाने विचारलं.

"आधी राह्यत होती तिचं," काकूच बोलल्या आणि चावी तिच्या हातावर ठेवली. "गेली ते आता गावाकडं."

उदयसिंग मशीनला दोरी बांधत होता. त्याचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. गाठ पडत नव्हती.

आतून पौर्णिमाचा आवाज आला. "बाई बाई! इथं पाहा. साऱ्या गावात आग लागली अन् या भिंतीजवळ कसं थंड लागते! इथंच टाकतो माह्या राजाले."

दोरी उदयसिंगच्या हातातून सुटली.

दारातून त्याला दिसलं. तिने जमिनीवर लुगड्याची चौघडी अंथरली होती, मागच्या भिंतीला लागून, आणि पोराला तिथे ठेवून ती बोचकं सोडत होती. पोर भिंतीकडे तोंड करून हात नाचवत होतं. हसत होतं. एखाद्याला पाहून हसतात तसं, मधे थांबून, पुन्हा हसून. आणि त्याच्या समोर, त्या कोऱ्या पांढऱ्या चुन्यावर, ती लहान ओली जागा परत आली होती. पोराएवढीच. अगदी पोराच्या उंचीवर. वरती लांब पाठ. आणि दोघींच्या मधे कोरडी भिंत मघापेक्षा कमी उरली होती.

६

"उठवा त्याले! तिथून उठवा!"

पौर्णिमा दचकली. "काय झालं? विंचू आहे का?"

"उठवा म्हनतो ना!"

"अरे पन का?"

"इथं माही बहीन मेली," उदयसिंग म्हणाला. आपल्याच तोंडून ते वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं. "या भिंतीजवळ. हे भिंत वली आहे. खोकून खोकून मेली ते. मी आत्ता तिच्यावर चुना मारला. मीच मारला."

पौर्णिमाने काकूंकडे पाहिलं. "काकू? तुमी तर म्हटलं गावाकडं गेली."

काकूंनी मान खाली घातली. जगदेवकाका पुढे झाले. "हे पाय बाई. याची बहीन बिमार होती, गेली, खरं आहे. याचं डोकं ठिकानावर नाही. वल म्हनते ना? लाव हात. तूच लाव."

तिने लावला. आधी बोटं, मग अख्खा तळवा. काढून पाहिला. तळव्याला कोरडा चुना. तिने फुंकला तर धुरळा उडाला.

"कोरडी आहे हो भाऊ," ती समजुतीने म्हणाली. "खडखडीत आहे."

उदयसिंगने तिच्या हाताशेजारीच हात ठेवला. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. थंडगार. थेंब जमिनीवर टपकले. "हे काय मंग? हे पाहा ना!"

"घाम आहे तुह्या अंगचा," काका म्हणाले. "सकाळपासून राबून राह्यला. बस जरा. पानी पे."

सगळे त्याच्याकडे दयेने पाहत होते. क्षणभर त्यालाही वाटलं, घामच असेल. त्याने हात नाकाशी नेला. भिजलेल्या पोत्याचा वास. आणि त्याच्या आड, अगदी बारीक, मशीनच्या तेलाचा. शीलाच्या बोटांना यायचा तो.

पोर भिंतीकडे सरकत होतं. कोपर टेकत, ढुंगण उचलत, कोणी बोलावल्यासारखं.

उदयसिंग मागे धावला, आवारातली सब्बल उचलली आणि आत आला. "पोराले घ्या!" एवढंच ओरडला. पौर्णिमाने पोर ओढून छातीशी धरलं तोवर पहिला घाव बसला होता.

७

एका विटेची भिंत. चौथ्या की पाचव्या घावाला सब्बल पलीकडे गेली, हे त्याला हातात कळलं. त्याने ती मागेपुढे हलवली, एक अख्खी वीट आत ढकलली. वीट पडल्याचा आवाज आला नाही.

भोकातून आवार दिसायला हवं होतं. ऊन यायला हवं होतं. पलीकडे चार वाजताचं पांढरं जळतं ऊन होतं, बाभूळ होती, बकरी होती. तो आत्ताच तिथून सब्बल घेऊन आला होता.

भोकात अंधार होता. त्यातून वाफ आली, कोमट, तोंडावर. श्वासासारखी नव्हे. श्वासच.

तो वाकला. डोळा लावला.

आधी काही नाही. मग निळं ठिगळ. त्याच्या सदऱ्याचं. ती गोधडी त्याने स्वतःच्या हाताने घडी करून जीपच्या टपावर ठेवली होती. ती इथे उलगडलेली होती, ओलीचिंब, आणि तिच्याखाली कोणीतरी होतं. पाठ त्याच्याकडे. केस मानेला चिकटलेले. फक्त मान वळवली असती तर त्याला तोंड दिसलं असतं, जे त्याने पाहिलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला.

मान वळली नाही. पाठ हलली. सावकाश, झोपेत हलतात तशी, ती आत सरकली. आणि अलीकडे जागा झाली.

मागून कोणीतरी त्याला बखोटीला धरून ओढलं. जगदेवकाका. त्यांनी स्वतः वाकून भोकाला डोळा लावला. त्यांच्या तोंडावर उन्हाचा पट्टा पडला.

"काय आहे?" सोजरकाकू दारातूनच बोलल्या. त्या आत आल्या नाहीत.

"काय असनार! बकरी आहे माही." काकांचा आवाज चढला. "भिंत फोडली या गधड्यानं. चांगली भिंत फोडली!"

पौर्णिमाने भोकात पाहिलं नाही. तिने पोर खांद्यावर घेतलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि हात तसाच राहिला. झबलं मागून ओलं होतं. मानेपासून कमरेपर्यंत. तिने लंगोट चाचपला, तो कोरडा होता. तिने झबल्याचा वास घेतला.

आल्यापासून तोंड न मिटलेली ती बाई सामान आवरायला लागली. चौघडी उचलली. पंखा उचलला. बोचकं तसंच अर्धं सुटलेलं डोक्यावर घेतलं. दाराशी काकूंच्या हातावर चावी ठेवली आणि उन्हात चालू लागली. तिच्या खांद्यावरून पोर मागे भिंतीकडे पाहत होतं, आणि रडायला लागलं. खेळणं हिसकल्यासारखं.

८

जगदेवकाकांनी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते ओट्यावर बसले, डोकं धरून.

"फोडली तू," ते शेवटी म्हणाले. "बांधून तूच द्यायची. विटा आवारात आहेत. सिमेंट उद्या देतो. भिंत होयेपर्यंत खोली तुही. चावी तुह्याजवळ. मंग पांढरी करून दे अन् जाय."

"नका हो ठेवू त्याले तिथं," काकू म्हणाल्या.

"मंग कोन बांधन? तू?"

उदयसिंगला ते पटलं. रीत खरी होती. खोलीत शेवटी तोच होता. काकूंनी चावी त्याच्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्याने ती उचलली.

रूपला हॉर्न वाजवत होता. "चालतं का नाही बे? सवाऱ्या बसल्या ना!"

"मशीन घरी टाक," उदयसिंग म्हणाला. "आईले सांग, भिंत बांधून येतो." मग त्याने टपावरची गोधडी ओढून घेतली.

"अन् ते काहून घेतलं?"

"निजाले."

गोधडी दिवसभर टपावर होती. वरून कडक ऊन, खालून तापलेला पत्रा. निळं ठिगळ कोमट आणि ओलं होतं.

जीप गेली. तो खोलीत आला. भोकातून उन्हाची तिरीप जमिनीवर पडली होती, तिच्यात चुन्याचा धुरळा फिरत होता. पलीकडे बकरी ओरडली. सगळं जिथल्या तिथे होतं. मी त्या बाईला उगाच पळवून लावलं, त्याला वाटलं. मी उगाच भिंत फोडली. शीला मेली, आणि मला एक भिंत पाहिजे होती मारायला.

मग त्याने खाली पाहिलं.

ती लहान जागा पोराच्या उंचीवर राहिली नव्हती. पोर गेलं तेव्हापासून ती वाढली होती. लांब झाली होती, वर चढली होती, मोठ्या डागाला जाऊन टेकली होती. गोल टोक. मग खांदे. पोराचे नव्हेत. पाय जरा दुमडलेले, कुडकुडत झोपणाऱ्याचे असतात तसे. उदयसिंग जमिनीवर बसला. मग आडवा झाला, फक्त बघायला, फक्त खात्री करायला, भिंतीला लागून. खांदा खांद्याला लागला. गुडघे गुडघ्यांत बसले.

शीला त्याला लहानच धरून चालली होती. शेवटचा एका गोधडीत झोपला तेव्हा तो लहानच होता. आता तिने त्याला नीट पाहिलं होतं.

उठायला हवं, हे त्याला कळत होतं. दार चार हातांवर होतं, उघडं. बाहेर माणसं होती, आग ओकणारं ऊन होतं. इथे थंड होतं. त्याच्या घशात काहीतरी खवखवलं आणि तो खोकला, एकदाच, बारीक.

भिंतीच्या आत कापड वाजलं.

त्याने बोट उचललं होतं, टोचायला. टोचावं लागलं नाही. जागा आधीच केलेली होती.